औषध देण्याआधी मी विचारतो, "रनिंगमध्ये आहात का?"

पूर्णेत माझं मेडिकल स्टोअर आहे, रेल्वे कॉलनीतून चालत येता येईल एवढ्या अंतरावर. इथून एक लाईन परभणी-मनमाडकडं जाते, एक नांदेड-मुदखेडकडं आणि एक वसमत-हिंगोलीवरून अकोल्याकडं. त्यामुळं काउंटरवर येणाऱ्यांमध्ये रेल्वेची माणसं बरीच. कोणी सर्दीची गोळी मागतं, कोणी खोकल्याचं औषध, कोणी कंबरदुखीची चिठ्ठी पुढं करतं. हात फळीकडं जायच्या आधी माझा प्रश्न ठरलेला असतो: "रनिंगमध्ये आहात का? ड्युटी कधी आहे?"

रनिंग म्हणजे प्रत्यक्ष गाडीवर जाणारी माणसं. लोको पायलट, असिस्टंट आणि गार्ड. गार्डला २०२२ पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण आमच्या गावात अजून गार्डसाहेबच. नवीन माणसाला माझा प्रश्न ऐकून राग येतो. "गोळी द्या ना भाऊ, नोकरीशी काय घेणं?" मग मी त्याला जे सांगतो तेच आज सविस्तर लिहितोय. कारण ही गोष्ट फक्त रेल्वेवाल्याला माहीत असून भागत नाही. त्याच्या घरच्यांना, त्याला औषध लिहून देणाऱ्या खाजगी डॉक्टरला आणि माझ्यासारख्या प्रत्येक दुकानदाराला ती माहीत पाहिजे.

रेल्वेच्या जनरल रूल्समध्ये २.०९ नंबरचा नियम आहे. त्याचे दोन भाग आहेत. पहिला भाग सगळ्या रेल्वे कर्मचाऱ्यांसाठी: ड्युटीवर नशेत असायचं नाही, आणि दारू, गुंगीचं औषध, अंमली पदार्थ किंवा उत्तेजक यांच्यामुळं काम करायची क्षमता कमी झालीय अशा अवस्थेतही असायचं नाही. दुसरा भाग गाड्यांच्या वाहतुकीशी थेट संबंध असलेल्यांसाठी: ड्युटी सुरू होण्याआधीचे आठ तास यातलं काहीही घ्यायचं नाही आणि ड्युटीवर तर नाहीच. शिवाय रेल्वे ॲक्ट १९८९ चं कलम १७२ आहे. ड्युटीवर नशेत सापडला तर पाचशे रुपयांपर्यंत दंड, आणि त्या नशेमुळं लोकांच्या जिवाला धोका होण्याजोगं काम असेल तर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. खात्याची कारवाई वेगळी, तीत नोकरीही जाऊ शकते.

नियमातला "गुंगीचं औषध" हा शब्द लोकांच्या डोळ्यांतून निसटतो. सगळ्यांना वाटतं हा दारूचा नियम आहे. माझं सगळं म्हणणं त्या एका शब्दापाशी आहे.

आधी दारूचं बोलू. माझे वडील मीटरगेजच्या काळात इथंच लोकोत शंटर होते, म्हणजे यार्डात इंजिन मागंपुढं करणारे. कॉलमन घरी यायचा, वही पुढं करायचा, वडील सही करायचे आणि डबा घेऊन निघायचे. तपासणी म्हणजे समोरच्या साहेबाचं नाक. वास आला तर आला. साहेब ओळखीचा असेल तर तेवढंही नाही. आता लॉबीत, म्हणजे रनिंगवाले ड्युटीची हजेरी लावतात त्या ऑफिसात, साइन ऑन करताना मशीनमध्ये फुंकावं लागतं, साइन ऑफला पुन्हा फुंकावं लागतं, आणि नोंद कॉम्प्युटरमध्ये जाते. ही सुधारणा मला फार मोलाची वाटते. नाकाला मर्जी असते, मशीनला नसते. ज्याच्या मागं हजार-दीड हजार माणसं झोपलेली आहेत त्यानं रोज एक फुंकर मारावी, यात कुणाचा अपमान नाही.

त्या मशीनचं शास्त्र मी प्रत्येकाला थोडक्यात सांगतो. रक्तातली दारू फुप्फुसातल्या हवेत उतरते. श्वासात जेवढी सापडते त्याच्या साधारण २१०० पट रक्तात असते, असा हिशेब धरून मशीन आकडा दाखवतं. हवा फुप्फुसातून येते म्हणून पेरूची पानं, वेलदोडा, कच्चा कांदा, पान यांतलं काहीच कामाला येत नाही. त्यानं तोंडाचा वास झाकतो, आकडा हलत नाही. रस्त्यावर गाडी चालवणाऱ्याला मोटार वाहन कायद्यात १०० मिलिलिटर रक्तामागं ३० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. रेल्वेत ती सवलत नाही. तिथं १ ते २० मिलिग्रॅम हा एक टप्पा आणि २१ च्या पुढं दुसरा. कारवाई वेगवेगळी, पण पहिल्या टप्प्यातल्या माणसालाही गाडीवर जाऊ देत नाहीत.

आता आठ तासांचा हिशेब बघा. "आठ तास आधी बंद केली की झालं" असं म्हणणारे मला खूप भेटतात. आपल्याकडच्या व्हिस्की-रममध्ये ४२.८ टक्के अल्कोहोल असतं. एक क्वार्टर म्हणजे १८० मिलिलिटर, त्यात शुद्ध अल्कोहोल साधारण ६० ग्रॅम. पासष्ट किलोच्या माणसाच्या रक्तात ते १३५-१४० मिलिग्रॅमपर्यंत जाऊ शकतं. लिव्हर तासाला सरासरी १५ मिलिग्रॅम उतरवतं. कुणाचं थोडं जास्त, कुणाचं कमी. म्हणजे क्वार्टर पूर्ण उतरायला नऊ तास लागतात. संध्याकाळी आठला ग्लास खाली ठेवला आणि पहाटे चारला साइन ऑन केलं तर नियमातले आठ तास भरले, पण मशीनवर पंधरा-वीसचा आकडा येऊ शकतो. दोन क्वार्टर असतील तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतही माणूस मोकळा होत नाही. लिंबू, काळा चहा, थंड पाण्याची आंघोळ, उलटी काढणं, यातल्या कशानंही लिव्हरचा वेग वाढत नाही.

आणि मालगाडीवाल्याला आपली ड्युटी नक्की कधी लागणार हे तरी कुठं माहीत असतं? मेल-एक्सप्रेसला लिंक, म्हणजे ड्युट्यांचं वेळापत्रक, ठरलेली असते. मालगाडीला कॉल येतो तो साधारण दोन तास आधी. आठ तास मोजायचे ते कुठून? मुख्यालयात, म्हणजे आपल्या नेमणुकीच्या गावी, आठ तासांच्या वरच्या ड्युटीनंतर सोळा तासांची रेस्ट असते, बाहेरगावी रनिंग रूमला आठ. त्यामुळं मी सरळ सांगतो की रेस्ट संपायची वेळ हीच ड्युटीची वेळ धरा आणि तिथून मागं मोजा, तेही आठ नाही तर बारा-चौदा तास. बाहेरगावच्या रेस्टमध्ये तर थेंबही बसत नाही. हे गणित मी पाठकोऱ्या कागदांवर कितीतरी जणांना मांडून दाखवलंय. त्यातल्या काही जणांनी पुढं पूर्ण सोडली. ती काही माझ्यामुळं नाही, आकडे स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्यामुळं.

दारू न पिणाऱ्याचा प्रश्न वेगळाच आहे. आपल्याकडं घरोघरी आसवं-अरिष्टं असतात. दशमूलारिष्ट, अर्जुनारिष्ट, द्राक्षासव, अश्वगंधारिष्ट. धायटीची फुलं घालून ती आंबवतात आणि त्यात आपोआप अल्कोहोल तयार होतं, साधारण ५ ते १० टक्के. बाटलीवर ते बारीक अक्षरात छापलेलं असतं. तीस मिलिलिटरचा डोस म्हणजे तीस मिलिलिटरच्या छोट्या पेगच्या फार तर पाव भागाएवढं अल्कोहोल. रक्तात चार-पाच मिलिग्रॅम. रस्त्यावरचा पोलिस या आकड्याकडं बघणारसुद्धा नाही, पण लॉबीत हाच आकडा पहिल्या टप्प्यात बसतो. होमिओपॅथीच्या मदर टिंक्चरमध्येही अल्कोहोल असतं, काही माउथवॉशमध्ये असतं, काही टॉनिकांमध्ये असतं. वारकरी, माळकरी माणूस, आयुष्यात दारूला न शिवलेला, बायकोनं पचनासाठी दिलेलं अरिष्ट घेऊन ड्युटीला जातो आणि मशीन आकडा दाखवतं. त्या माणसाच्या जिवाचं काय होत असेल! एक जण माझ्या दुकानात येऊन बाकड्यावर नुसताच बसून राहिला होता. नंतर म्हणाला, "भाऊ, पोराला काय सांगू?"

यावर उपाय आहे आणि तो सोपा आहे. नुकतंच काही घेतलेलं असेल तर तोंडात राहिलेलं अल्कोहोल पंधरा-वीस मिनिटांत निघून जातं. म्हणून साध्या पाण्यानं चूळ भरायची, तेवढा वेळ काही न खाता-पिता थांबायचं आणि पुन्हा फुंकायचं. तोंडातलं असेल तर आकडा शून्यावर येतो, रक्तातलं असेल तर राहतो. तरीही माणूस नाही म्हणत असेल तर रक्त तपासायचं. हा दुसरा फुंकर आणि रक्ताची तपासणी मागून घेणं प्रत्येकानं शिकलं पाहिजे. तेही हात जोडून नाही आणि भांडूनही नाही, लेखी अर्ज देऊन. मशीनचं कॅलिब्रेशन, म्हणजे आकडा बरोबर येतो का याची तपासणी, कधी झालं तेही विचारावं. स्वस्त सेन्सरची मशीनं इतर वाफांनीही फसतात, फ्युएल सेलची सहसा फसत नाहीत.

केरळात फेब्रुवारी २०२५ मध्ये काय झालं ते आठवत असेल. दक्षिण रेल्वेच्या तिरुवनंतपुरम विभागानं पत्रक काढून लोको पायलटांना ड्युटीआधी शहाळं, काही जातीची केळी, कोल्ड्रिंक, खोकल्याची औषधं, माउथवॉश घ्यायला बंदी घातली होती. मशीनवर आकडा येतोय आणि माणसं म्हणतायत प्यायलो नाही, यातून ते निघालं. आरडाओरडा झाला आणि थोड्याच दिवसांत ते मागं घेतलं. आमच्याकडं येळवस आली की हाच प्रश्न मला येतो. शेतात आंबील प्यायची की नाही? ताकात ज्वारीचं पीठ घालून आंबवलेली आंबील, तिची चव ज्याला लागलीय त्याला वर्षभर तिची वाट असते. मी म्हणतो, बिनधास्त प्या दादा, सणाचा घास सोडू नका. पण शेतातून थेट लॉबीत जाऊ नका. चूळ भरा, थोडं थांबा, मग फुंका. केळी आणि शहाळ्यावर बंदी घालण्यापेक्षा पंधरा मिनिटं थांबवून पुन्हा तपासणं स्वस्त पडतं.

आता त्या "गुंगीच्या औषधा"कडं येतो.

फुंकायच्या मशीनला फक्त अल्कोहोल कळतं. सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन त्याला कळत नाही. सेटिरिझिन कळत नाही. कंबरेसाठी लिहून दिलेलं प्रेगाबालिन कळत नाही. झोपेसाठीचं अल्प्राझोलम, दुखण्यासाठीचं ट्रॅमाडॉल, खोकल्यातलं कोडीन, उलटीसाठीचं प्रोमेथाझिन, यांतलं काहीही कळत नाही. माणूस मशीनवर शून्य काढून, ताठ मानेनं इंजिनमध्ये चढतो आणि सेलू सुटेपर्यंत पापण्या जड व्हायला लागतात.

सर्दीच्या बहुतेक मिश्र गोळ्यांमध्ये क्लोरफेनिरामिन असतं. ते जुनं, स्वस्त आणि वाहणारं नाक लवकर थांबवणारं औषध आहे. पण ते मेंदूपर्यंत पोचतं, आणि त्याचा अंमल डोस संपल्यावरही तासन्‌तास रेंगाळतो. रात्री घेतलेली गोळी सकाळी अंगात असते. सेटिरिझिन त्यापेक्षा बरं, तरी काहींना चांगलीच सुस्ती देतं. फेक्सोफेनाडिन त्या मानानं झोप आणत नाही, म्हणून रनिंगवाल्याला मी डॉक्टरांशी बोलून तेच सुचवतो. प्रेगाबालिनचं तर मला फार भय वाटतं. इंजिनमध्ये वर्षानुवर्षं बसून कंबर जाते, पायाला मुंग्या येतात, खाजगी डॉक्टर चिठ्ठीवर ते लिहितो आणि पेशंट काय काम करतो हे विचारायला त्याला फुरसत नसते. सुरुवातीच्या दिवसांत त्यानं चक्कर येते, गुंगी येते. एका असिस्टंटनं ते सुरू केलं होतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी येऊन म्हणाला, "सिग्नल दिसतोय, पण तोंडातून नाव निघायला वेळ लागायलाय." इंजिनमध्ये दोघांनी सिग्नलचा रंग मोठ्यानं एकमेकांना सांगायचा असतो. तो सांगायला उशीर लागतोय हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्यानं येऊन मला विचारलं, याबद्दल मला त्याचा आदर वाटतो. त्याच दिवशी त्याला रेल्वेच्या डॉक्टरकडं पाठवलं. औषध बदललं, काही दिवस गाडीवरून खाली ठेवलं.

लोक म्हणतात, इंजिनमध्ये व्हीसीडी, म्हणजे ड्रायव्हर जागा आहे का ते बघणारं यंत्र, आहे की. आहे. मिनिटभर ड्रायव्हरनं काहीच हालचाल केली नाही तर ते इशारा देतं, आणि तरी प्रतिसाद नाही आला तर ब्रेक लागतात. पण गुंगीतला माणूस झोपलेला नसतो. त्याचा हात सवयीनं बटण दाबत राहतो. मंदावलेलं असतं ते डोकं, आणि ते ओळखणारं मशीन इंजिनात नाही.

मग ही माणसं रेल्वेच्या दवाखान्यात जायचं सोडून माझ्याकडं का येतात? कारण तिथं गेलं की डॉक्टर त्यांना सिक करणार, म्हणजे आजारी म्हणून ड्युटीवरून काढणार. सिक झालं की किलोमीटर बंद. रनिंगवाल्याच्या पगारात किलोमीटर भत्त्याचा वाटा मोठा असतो. पोराची कोचिंगची फी, घराचा हप्ता, सगळं त्या किलोमीटरवर बेतलेलं. चार दिवस सिक म्हणजे चार दिवसांचं नुकसान, शिवाय मागची गाडी ज्याच्या गळ्यात पडली त्याची कुरकुर. म्हणून माणूस म्हणतो, "भाऊ, एक गोळी द्या, आजची ट्रिप मारून येतो." मी ही अडचण समजू शकतो. माझ्या घरातही तोच पगार यायचा. पण सर्दी झालेल्या माणसाला गोळी खाऊन गाडीवर जायला भाग पाडणारी पद्धत ही सुरक्षेचीच गोष्ट आहे, आणि तिच्यावर कोणी बोलत नाही. फुंकायच्या मशीनवर जेवढा खर्च होतो त्याच्या बाजूलाच हा खर्चही मांडला पाहिजे: लॉबीत येऊन "मी आज औषध घेतलंय, मला गाडी देऊ नका" असं प्रामाणिकपणे सांगणाऱ्याचं किलोमीटर बुडू नये.

परदेशात हे सगळं अपघातांमधून शिकले. अमेरिकेत ४ जानेवारी १९८७ ला मेरीलँडमधल्या चेसजवळ तीन मोकळी इंजिनं सिग्नल ओलांडून मुख्य लाईनवर आली आणि मागून वेगात आलेली पॅसेंजर गाडी त्यांच्यावर आदळली. सोळा माणसं गेली. इंजिनातल्या दोघांनी गांजा ओढलेला होता. त्यानंतर तिथं कायदा कडक झाला. १९९१ मध्ये वाहतूक क्षेत्रातल्या कामगारांच्या अचानक तपासणीचा कायदा आला. तिथं दारूसाठी फुंकणं आणि ड्रग्जसाठी लघवीची तपासणी, दोन्ही होतं. दारूची मर्यादा त्यांची आपल्यापेक्षा सैल आहे. आपल्या मापात ४० मिलिग्रॅमला गुन्हा, आणि २० ते ३९ मध्ये सापडला तर किमान आठ तास कामावरून दूर. पण एक गोष्ट त्यांनी केली ती मला फार पटली. २०१३ पासून मोठ्या अपघातानंतरच्या तपासणीत त्यांनी ट्रॅमाडॉल आणि झोप आणणारी सर्दीची औषधंही घेतली. म्हणजे काउंटरवर विनाचिठ्ठी मिळणारी गोळीसुद्धा अपघाताचं कारण असू शकते, हे त्यांनी कागदावर मान्य केलं. आपल्या २.०९ मध्ये हे तत्त्व आधीपासून लिहिलेलं आहे. ते तपासायची सोय तेवढी रोजच्या कामात उतरलेली नाही.

लघवीच्या तपासणीबद्दल मात्र मला घाई नको वाटते. गांजाचा अंश शरीरात कितीतरी दिवस राहतो. आठवड्यापूर्वी ओढलेला आणि आज ओढून आलेला, यांत ती तपासणी नीट फरक करत नाही. आणि डॉक्टरच्या चिठ्ठीवर औषध घेणारा माणूस त्यात विनाकारण अडकू शकतो. अशी तपासणी आणायची तर आकड्याचा अर्थ लावणारा डॉक्टर मध्ये पाहिजेच.

आमच्या भागात आणखी एक धोका आहे, तो शिंदीचा. धर्माबाद, बिलोलीच्या पलीकडं तेलंगणाची हद्द लागते. ताजी शिंदी सौम्य असते, पण तेलंगणात शिंदीमध्ये अल्प्राझोलम आणि क्लोरल हायड्रेट मिसळल्याची प्रकरणं वारंवार उघडकीला आली आहेत. असली शिंदी प्यायलेल्या माणसाच्या श्वासातलं अल्कोहोल काही तासांत शून्यावर येईल, आणि मिसळलेली गुंगी अंगात तशीच राहील. तिकडं पाहुणे असलेल्या पोरांना मी हे मुद्दाम सांगतो. त्यातल्या एकानं तरी पुढच्या लग्नात ग्लास परत केला तर माझं काम झालं.

मशीनसमोर रोज उभा राहतो तो फक्त रनिंग स्टाफ, ही गोष्टही मला खटकते. गेटमन, पॉइंट्समन, स्टेशन मास्टर, ट्रॅकवरची गँग यांची तपासणी अधूनमधून, अचानक होते. २६ सप्टेंबर २०२३ च्या रात्री मथुरा स्टेशनवर रिकामी झालेली लोकल प्लॅटफॉर्मवर चढली. बातम्यांत आलेल्या प्राथमिक चौकशीप्रमाणं केबिनमध्ये गेलेला कर्मचारी ड्रायव्हर नव्हताच. त्याचं लक्ष मोबाईलवर होतं आणि त्यानं थोडी घेतलेलीही होती. अमेरिकेत रूळ दुरुस्त करणाऱ्यांना २०१७ मध्ये आणि गाड्यांची देखभाल करणाऱ्यांना २०२२ मध्ये या तपासणीत घेतलं. आपल्याकडच्या गँगमनला तपासणीची गरज त्याच्या स्वतःच्या जिवासाठी आहे. दोन लाईनच्या मध्ये उभा राहून मागून येणारा हॉर्न ऐकायचा असतो त्याला.

बायका दुकानात येतात त्याबद्दल लिहिल्याशिवाय हे पूर्ण होणार नाही. दुपारी गर्दी नसताना येतात, पदर सावरत हळूच विचारतात, "भाऊ, ते दारू सोडायचं औषध हाय का? भाजीत कालवून द्यायचं?" त्या मागतात ते डायसल्फिराम. ते चिठ्ठीशिवाय देता येत नाही आणि मी देत नाही, आणि का देत नाही ते बसवून सांगतो. या गोळीवर दारू प्यायली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, बीपी एकदम खाली येतं. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हे होऊ शकतं, आणि चमचाभर अरिष्टानंही होऊ शकतं. माणसाला माहीत नसताना हे दिलं आणि तो गाडीवर असताना असं झालं तर? त्याला सांगून, डॉक्टरच्या देखरेखीखाली ते चांगलं औषध आहे. चोरून दिलं तर जीव घेणारं आहे.

त्या बाईला भीती असते ती नोकरीची. नवऱ्याचं व्यसन रेल्वेला कळलं तर काढून टाकतील, म्हणून ती कुणाला सांगत नाही, आणि तो पीत राहतो. मशीन त्याला एक दिवस पकडणारच. अमेरिकेच्या नियमात एक कलम आहे: पकडलं जायच्या आधी कामगार स्वतःहून पुढं आला आणि मदत मागितली तर उपचार घेऊन त्याला कामावर परत येता येतं. हे मला माणुसकीचं आणि शहाणपणाचंही वाटतं. आपल्याकडं पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून व्यसनमुक्तीचं काम करतंय, अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या बैठका मराठवाड्यातही होतात. लॉबीच्या भिंतीवर शिक्षेच्या पत्रकाशेजारी त्यांचे पत्ते लावले, आणि जो स्वतःहून जाईल त्याची नोकरी राहील असं वरच्यांनी लेखी दिलं, तर दुपारी येणाऱ्या त्या बायकांना मी काहीतरी सांगू शकेन. आज मी फक्त म्हणतो, "वहिनी, आधी त्यांच्याशी बोला, शुद्धीत असताना. आणि त्यांना माझ्याकडं पाठवा, औषधासाठी नाही, नुसतं बोलायला." काही जण येतात.

काउंटरच्या काचेवर मी एक कागद चिकटवलाय. वरती मोठ्या अक्षरांत "रनिंग स्टाफसाठी". खाली झोप आणणाऱ्या औषधांची नावं, कंपनीची नाही तर आतल्या औषधाची, म्हणजे कुठल्याही गोळीच्या पाकिटावर ताडून बघता येतील. त्याखाली अल्कोहोल असलेली औषधं. शेवटी दोन ओळी: नवीन औषध पहिल्यांदा घेताना ते रेस्टमध्ये घ्या, ड्युटीआधी नाही. आणि डॉक्टरला आधी आपलं काम सांगा, मग दुखणं सांगा. हा कागद मराठीत आहे. आमच्या विभागात तेलुगू आणि हिंदी बोलणारे बरेच आहेत, म्हणून तेलुगूत करून द्यायला मी कॉलनीतल्या एका गार्डसाहेबांना विनंती केलीय, आणि हिंदीचं त्यांच्या मुलीनं अंगावर घेतलंय.

परळी, मनमाड, मुदखेड, अकोल्याकडं कुणाचं मेडिकल असेल आणि रेल्वेची माणसं गिऱ्हाईक असतील तर हा कागद खुशाल घ्या, खाली कमेंटमध्ये सांगा, पाठवतो. लावायच्या आधी तुमच्याकडच्या डॉक्टरला एकदा दाखवून घ्या, काही राहिलं असेल तर मलाही कळवा. आणि रनिंगमधल्या ज्यांनी हे वाचलं त्यांनी घरातल्या औषधांच्या डब्यातली पाकिटं एकदा उलटी करून बारीक अक्षरं वाचा. ड्रॉझिनेस, म्हणजे गुंगी, असं कुठं लिहिलेलं दिसलं तर ते पाकीट डब्यात वेगळ्या कप्प्यात ठेवा आणि घरच्यांना सांगून ठेवा की हे ड्युटीच्या आधी द्यायचं नाही.